अण्णांचे पाय

अण्णा सांडाशी मराठीत बोलत. काशीत दूधविनायकाच्या आमच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला पाठ लावावी लागे. तिथं सांड आडवा बसला की पुढचे पुढे आणि मागचे मागे अडून राहात. कुणी हट् हट् करी, कुणी शेपटी पिळी, कुणी त्याच्या आईबहिणीचा उद्धार करी. अण्णा मात्र जागच्या जागी पळत राहात, पाय थांबू देत नसत, आणि त्याला हात जोडून म्हणत, "महाराज, आपण मोठे, आपला मान मोठा. पण आमचं अंग गार पडतंय. जरा सरावं." मराठीत का बोलता, असं कुणी विचारलं तर म्हणत, हिंदीत त्याला सगळ्यांनी शिव्याच दिल्यात. मराठीत अजून कुणी दिलेली नाही, म्हणून ऐकतो. आणि सांड बहुतेक वेळा उठे.

परवा आमच्या शेजारी मुंज झाली. तिला काशीहून एक पाहुणे आले होते. जेवताना पानावर बसल्या बसल्या त्यांनी सांगितलं, की दूधविनायकावरचे ते पळणारे भटजी गेले, अंथरुणातच गेले, दोनच दिवस ताप होता. मी वाढत होते. विचारायचं पुष्कळ मनात आलं, पण पंगतीत पुरुषांच्या मध्ये मला तोंड उघडता आलं नाही, आणि बोलणं लगेच श्रीखंडावर गेलं. तेव्हापासून अण्णा डोळ्यांपुढून हलत नाहीत. मी चौथीपर्यंत शिकले. लिहायची सवय नाही. हे माझ्यापुरतंच लिहिते आहे.

लग्न होऊन मी काशीला आले तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावर अण्णा आणि गोदाकाकू राहात होते. त्यांची एकुलती मुलगी सुशी तेव्हा लग्नाची होती. अण्णांचं काम म्हणजे दक्षिणेतून येणाऱ्या यात्रेकरूंचं. त्यांना स्नानाला दशाश्वमेधावर न्यायचं, श्राद्धं करवायची, देवळं दाखवायची. आमचे हे पाठशाळेत मास्तर, म्हणून अण्णा मला पहिल्या दिवसापासून मास्तरीणबाई म्हणू लागले. मी दाराआडून उत्तर देई. ते म्हणत, "मास्तरीणबाई फळ्यामागूनच शिकवतात वाटतं." मी आणखी आत सरके.

उंचीनं बेताचे, अंगानं सडपातळ. चेहरा कुणाच्या लक्षात राहील असा नव्हता. पण पोटऱ्या अशा, की पाणी भरणाऱ्या बायकासुद्धा बघत आणि मग पदर तोंडाला लावत. पहाटे उठून धोतराचा काचा मारला की ते गल्लीतून पळत दुर्गाघाटावर जात. थंडीच्या दिवसांत नदीचं पाणी उतरलं, की नावेनं पलीकडच्या वाळूवर. काशीतले शौकीन पलीकडे जातात ते भांग घोटायला आणि मोकळ्यावर स्नान करायला. अण्णा जात ते पळायला. वाळूत पळून, परतून, आखाड्यात मुद्गलांची जोडी फिरवून, स्नानसंध्या करून ते यजमानांपुढे उभे राहात तेव्हा यजमान नुकते चूळ भरत असत. आखाड्यातले लोक त्यांना बिन्नू गुरू म्हणत. विनायकभट हे त्यांचं खरं नाव फक्त पोस्टमनला माहीत होतं.

पायांविषयी त्यांचं एक बोलणं होतं. पाय म्हणजे घरचा गडी, बसवून खायला घातलं की चोऱ्या करायला लागतो. कुणी पाय दुखतात म्हटलं की हे वाक्य येई. कुणी बद्धकोष्ठ म्हटलं तरी हेच, कुणाला कर्ज झालं तरी हेच. गोदाकाकू चुलीपुढून म्हणायच्या, "आणि जिभेला काय म्हणायचं? ती तर बसतच नाही."

सुशीला बघायला उज्जैनचा मुलगा आला होता. चांगला शिकलेला, कचेरीत नोकरीला, सोन्याच्या काड्यांचा चष्मा. बायकांनी पोहे केले, मुलीनं पान दिलं, सगळं रीतीनं झालं. मग अण्णा म्हणाले, चला, गंगा दाखवतो. मुलाला घाटावर नेलं, अगदी खाली पाण्यापर्यंत नेलं, चूळ भरायला लावली आणि म्हणाले, आता वर चला, उशीर होतोय. आपण पुढे झाले. वर आले तर मागे मुलगा नाही. तो अर्ध्या पायऱ्यांवर छाती धरून बसलेला, शेजारी एक म्हातारी भिकारीण त्याला वारा घालते आहे. घरी येऊन अण्णांनी मुलाच्या काकांना सांगितलं, "मुलगा गुणी आहे. पण गंगेला येईल, परत जायचा नाही." काकू आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. शेवटी तोच जावई झाला. दर वर्षी दिवाळीला आला की अण्णा त्याला घाटावर नेत, आणि तो दर वर्षी थोडा अधिक वरपर्यंत येऊन बसे.

त्यांची सगळ्यांत मोठी गोष्ट पंचक्रोशीची होती. काशीभोवती पंचवीस कोसांची प्रदक्षिणा आहे. विश्वनाथाला उजव्या हाताला ठेवून अनवाणी जायचं, वाटेत मुक्काम करायचे, आपला शिधा आपण न्यायचा. माणसं पाच दिवस लावतात. शिवरात्रीला मात्र हिंमतीची माणसं ती एका दिवसात करतात, आणि अण्णा ती पळत करीत. ज्या यजमानांना काशीला यायचं जमत नसे, आले तरी चालवत नसे, ते अण्णांना आपल्या नावानं जायला सांगत. विश्वनाथाशेजारच्या ज्ञानवापीच्या विहिरीवर संकल्प सोडताना अण्णा त्या सगळ्यांची नावं आणि गोत्रं घडाघडा म्हणत, आणि निघत.

आमच्या समोरच्या घरात साताऱ्याकडच्या एक बयोआजी राहात. काशीत मरण यावं म्हणून आलेल्या, पण मरण काही येत नव्हतं. गुडघे धरलेले, उंबरठाही ओलांडवत नसे. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी अण्णा त्यांच्या दारात पायरीवर बसत, आणि आजी वाटीत तेल घेऊन त्यांचे पाय चोळत. ब्राह्मणाच्या पायाला हात लावण्यात त्यांना वावगं वाटत नसेच, पण त्या म्हणायच्या, हे आज अण्णाचे पाय नव्हेत, माझे आहेत, आपल्या पायाला तेल लावायला लाज कसली. अण्णा डोळे मिटून बसत. एरवी त्यांना कुणी क्षणभर बसलेलं पाहिलं नव्हतं.

मग तो पावसाळा आला. गंगा वर चढलेली, घाट बुडालेले, पळायला जागा नाही, म्हणून अण्णा आखाड्यातच जोर काढीत. त्यांना अंतर्गळ होता. कित्येक वर्षं होता, हे काकूंनासुद्धा धड ठाऊक नव्हतं. ते लंगोट आवळून बांधत आणि गप्प राहात. त्या दिवशी आखाड्यातली दगडी नाल उचलताना काहीतरी झालं. चालत घरी आले, जिना चढले आणि वर जाऊन पडले. दुपारी ओकाऱ्या सुरू झाल्या. जांघेत दगडासारखी गाठ आली होती आणि आत जात नव्हती. वैद्यांनी हात लावून पाहिला आणि म्हणाले, माझ्या हातातलं नाही, इस्पितळात न्या.

आमच्या गल्लीत गाडी येत नाही. आखाड्याच्या माणसांनी खाटेवर घालून त्यांना मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं. मी आणि काकू मागून गेलो. वाटेत एक दुकानदार उठून उभा राहिला आणि त्यानं हात जोडले, कारण खाटेवरून माणूस चालला की आमच्याकडे लोकांना एकच ठाऊक. अण्णांनी ते पाहिलं. म्हणाले, "अजून नाही रे." पण आवाज त्यांचा नव्हता.

गोऱ्या सर्जनानं पोट कापलं. आमचे हे कागदावर सही करायला आत गेले होते. मी आणि काकू बाहेर आवारात कडुनिंबाखाली बसलो होतो. काकू रडत नव्हत्या. डोळे मिटून ओठ हलवत होत्या, आणि मधेच त्यांनी पदराच्या टोकाला एक गाठ मारली. मी विचारलं नाही. अशा वेळी सगळ्याच बायका काही ना काही बोलतात.

अण्णा वाचले. पुष्कळ दिवस त्यांना उताणं निजवून ठेवलं होतं. घरी सोडताना तिथले बंगाली डॉक्टरबाबू समोर येऊन उभे राहिले आणि एकेक बोट मिटत हिंदीत म्हणाले, "गुरुजी, दौड़ना बंद. कसरत बंद. बोझ उठाना बंद. कुछ दिन नहीं, उमर भर." पोटाचं शिवलेलं कातडं जुनं आहे, पुन्हा फाटलं तर साहेबालाही शिवता येणार नाही, असं त्यांनी आमच्या यांना बाजूला घेऊन सांगितलं. अण्णांनी मान हलवली. येताना पालखीत ते आपल्या पायांकडे बघत होते.

पहिला महिना त्यांनी सगळं ऐकलं. कमरेला पट्टा बांधत. खोकला आला की काकू उशी देत, ती पोटावर दाबून खोकत. भिंतीला हात लावून खिडकीपर्यंत जात आणि परत येत. गल्लीतला जो येई तो काहीतरी सांगून जाई. हलवाई म्हणाला, मलई खा, शिवण भरून येते. एकजण म्हणाला, मलई अजिबात खाऊ नका, शिवण ओली राहते. अण्णा दोघांनाही बरं म्हणत. पूर्वीचे अण्णा असते तर दोघांची गाठ घालून दिली असती. हळूहळू ते बोलायचे थांबले. मग जेवायचे कमी झाले. भिंतीकडे तोंड करून निजत. पोटऱ्या उतरल्या, पायांची कातडी सैल पडली. काकू मला म्हणाल्या, "यमू, इस्पितळातून पाय आणले, पण माणूस तिथंच राहिला बघ."

मार्गशीर्षातली गोष्ट. मी वर काकूंबरोबर तांदूळ निवडत बसले होते. अण्णा पलीकडच्या खोलीत निजलेले, मधलं दार उघडं. काकूंनी सूप खाली ठेवलं, उठून दारात गेल्या आणि त्यांच्या पाठीला उद्देशून म्हणाल्या, की मला एक सांगायचंय, माझ्या छातीवर दगड आहे. मग त्यांनी त्या दिवशीच्या नवसाचं सांगितलं. लुगडं, नारळ, पेढे सगळेच बोलतात. तुमच्यापाशी देवाला आवडेल असं दुसरं काय होतं? म्हणून बोलले, की विश्वनाथा, हे उठून बसले तर शिवरात्रीला तुझी पंचक्रोशी पळतील. मला काय ठाऊक होतं डॉक्टर असं सांगेल. आता यातून वाट काढा. शास्त्र तुम्हाला कळतं, मला कळत नाही.

अण्णा कुशीवर वळले.

"पळतील म्हणालीस?"

"हो."

"चालतील नव्हे?"

"पळतील म्हणाले. तुम्ही कधी चाललात का?"

अण्णा उठून बसले. इतक्या दिवसांत कुणी हात दिल्याशिवाय ते बसले नव्हते. म्हणाले, "मग डॉक्टरच्या हातात काय राहिलं? ज्यानं उठवलं त्यानंच पळायला सांगितलंय." आणि भूक लागली म्हणाले. काकू वाट काढा म्हणून सांगायला गेल्या होत्या. त्यांनी परत येऊन सूप हातात घेतलं, पण तांदूळ दिसत नव्हते त्यांना. खडे तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी आमच्याही दाताखाली आले.

त्या दिवसापासून ते रोज थोडं थोडं करू लागले. आधी जिना. मग घाटाच्या पायऱ्या, दर पायरीवर थांबत. पूर्वी जिथं ते सांडाला महाराज म्हणत, तिथं आता सांडच त्यांच्याकडे वळून पाही आणि हे भिंतीला लागून उभे राहात. मग एके दुपारी मी आमच्या चुलीपुढे भाकरीचं पीठ मळत होते, तर वरून धप् धप् आवाज येऊ लागला आणि छताचा चुना माझ्या परातीत पडू लागला. अण्णा वर जागच्या जागी पळत होते. आवाज थांबला. वरून काकूंनी विचारलं, काय पडलं. अण्णांचं उत्तर आलं, मी नाही पडलो. ते पीठ मी टाकून दिलं. पण खरं सांगायचं तर तो आवाज ऐकून मला बरंही वाटलं होतं. भीतीही वाटली होती. दोन्ही एकाच वेळी वाटत असतील तर माणसानं काय करावं, हे मला अजून कळलेलं नाही.

काकू त्यांना अडवत नव्हत्या असं नाही. रडून झालं, जेवण सोडून झालं. आमच्या यांना मध्ये घातलं. हे भिडस्त, वर गेले आणि तासाभरानं अण्णांच्या आखाड्यातल्या गोष्टी ऐकून हसत खाली आले. म्हणाले, किती दिवसांनी त्यांना असं बोलताना पाहिलं, मला पुढं काही सांगवेना.

माघात वाळू उघडी पडली. मी गच्चीवर सांडगे घालायला गेले होते. पलीकडे वाळूवर एक ठिपका पळताना दिसला. गच्चीवरून पूर्वीही तो दिसे, पण पूर्वी तो सरळ रेघेसारखा जाई. आता तो थोडा जाई, थांबे, पुन्हा जाई. मग थोडा अधिक पळाला. मी हातातलं सोडून बघत राहिले. मग तो वाकला आणि बसला, आणि मग आडवा झाला. मी काकूंना हाक मारायला वळले, तर त्या माझ्या मागेच उभ्या होत्या. नदी मध्ये होती. आम्ही दोघी कठड्याला धरून उभ्या राहिलो. कितीतरी वेळानं एक नाववाला त्याच्याजवळ जाताना दिसला.

जांघेत पुन्हा फुगवटा आला होता. निजलं की आत जाई, उभं राहिलं की येई. डॉक्टरबाबू घरी येऊन पाहून गेले. या खेपेला त्यांनी बोटं मोजली नाहीत. काकूंनाच सरळ म्हणाले, "माँजी, एक बार और दौड़े, तो मुझे मत बुलाना." अण्णांनी ते ऐकलं आणि विचारलं, शिवरात्रीला किती दिवस आहेत.

काकू मला बरोबर घेऊन दुर्गाघाटावरच्या शास्त्रीबोवांकडे गेल्या. काकूंनी घुंगट पुढे घेऊन सगळं सांगितलं. शास्त्रीबोवा म्हणाले, यात कठीण ते काय? अशक्त माणसाला प्रतिनिधी चालतो. दुसऱ्या कुणी त्यांच्या नावानं जावं. अण्णा स्वतः इतक्या जणांचे प्रतिनिधी होऊन गेलेत, त्यांना का मी सांगायला हवं? काकू इतक्या हलक्या झाल्या, की येताना त्यांनी वाटेत मुळे घेतले.

घरी येऊन सांगितलं ते अण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "मला सांगू नका प्रतिनिधीचं. मी नावं म्हणायचो ती ज्ञानवापीवर. कर्दमेश्वराचा पहिला मुक्काम मागं पडला, वाट मोकळी झाली, की एकाचंही नाव मला आठवत नसे. बयोआजीचंसुद्धा. मी माझाच पळायचो, गं. आता माझ्या नावानं जाईल तोही तसाच जाईल."

बयोआजी आदल्या वर्षी गेल्या होत्या. ते ऐकायला त्या नव्हत्या, याचं मला त्या वेळी बरं वाटलं.

पुढचे दिवस मला आठवतात ते असे, की कुणाला काही करता येत नव्हतं आणि सगळे काहीतरी करत होते. काकू शेवटी गप्प झाल्या. भाजणी भाजली, पिठाची आणि डाळीची पुरचुंडी केली, एक तांब्या, एक लहान पातेलं. अण्णांनी विचारलं, मला एका दिवसाला एवढं कशाला? काकू म्हणाल्या, असू द्या. आमचंही घर बांधाबांधीत होतं. यांना ग्वाल्हेरला शाळा मिळाली होती आणि शिवरात्रीनंतर दोन दिवसांनी आम्ही निघणार होतो. काकू म्हणाल्या, यमू, त्या दिवशी माझ्याबरोबर ज्ञानवापीवर ये. मला एकटीनं बोलायचा धीर व्हायचा नाही.

बोलायचं काय, ते मला तिथं कळलं.

शिवरात्रीच्या पहाटे ज्ञानवापीवर पाय ठेवायला जागा नव्हती. संकल्प सांगायला अण्णांच्याच बरोबरीचे नारायणगुरुजी बसले होते. अण्णांनी काचा मारलेला, पट्टा इतका आवळलेला की श्वास वरच्यावर होत होता. त्यांनी बसून उजवा हात पुढे केला. रीत अशी, की पाणी नवऱ्याच्या हातात द्यायचं, संकल्प त्यानं करायचा आणि बायकोनं नुसता त्याच्या हाताला हात लावायचा. तेवढ्यानं तिचंही होतं. आमच्या सगळ्यांची सत्यनारायणापासून वास्तुशांतीपर्यंत सारी पुण्यं अशी हात लावूनच झालेली. काकूंनी हात लावला नाही. आपलाच हात पुढे केला, ओंजळ करून.

"गुरुजी, पाणी मला द्या. नवस मी बोललेय. पाय माझे जातील, जसे जातील तसे."

नारायणगुरुजी अण्णांकडे बघू लागले. मागून लोक लोटत होते. ते हळू म्हणाले, नवऱ्याची अनुज्ञा असली तर चालतं, अण्णा तुम्हीच सांगा. अण्णांचा चेहरा लाल झाला. म्हणाले, हिचे गुडघे सुजतात, ही बाजारात जाऊन आली तरी निजते, पंचवीस कोस काय चालणार? आणि नवस पळायचा आहे. गुरुजी, तुम्ही मला पाणी द्या.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या लोकांत त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे असं पाहिलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

"नाही म्हणा. मी इथं बसते. तुम्ही पळा. पण तुम्ही परत यायचे नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आणि हो म्हणालात तर माझ्याबरोबर यावं लागेल. मला वाट ठाऊक नाही."

मागचा एक माणूस हिंदीत ओरडला, की पंडितजी, संकल्प करायचाय की पंचायत? कुणी हसलंही. अण्णांचा हात तसाच पुढे होता, रिकामा. मी त्या हाताकडेच बघत होते, कारण वर बघायचं मला धैर्य नव्हतं. मग नारायणगुरुजींनी काकूंच्या ओंजळीत पाणी घातलं, अक्षता घातल्या, आणि शेजारी बसलेल्या अण्णांना अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "अण्णा, हात लावा."

चाळीस वर्षं त्यांनी हे दोन शब्द दुसऱ्यांच्या बायकांना सांगितले होते. त्यांनी काकूंच्या मनगटाला बोटं लावली. संकल्पात वर्ष, ऋतू, मास, तिथी सगळं झालं आणि नाव आलं ते गोदावरीचं.

मणिकर्णिकेवर स्नान करून ते दोघं घाटाघाटानं दक्षिणेकडे निघाले. मी पायऱ्यांवर थांबले. माझी आणि त्यांची ती शेवटची भेट. पुढे त्यांना किती दिवस लागले, काकूंचे गुडघे कुठवर चालले, कुठं त्यांनी मुक्काम केले, मला काही ठाऊक नाही. ते परतायच्या आत आम्ही काशी सोडली. अण्णा त्यानंतर बरीच वर्षं जगले, अंथरुणात गेले, एवढं मात्र परवा कळलं.

ते निघाले तेव्हा उजाडत होतं. मागून हर हर महादेव करत आखाड्याची मंडळी पळत आली. अण्णा काकूंचा हात धरून भिंतीच्या बाजूला झाले. त्यांच्यातला एक जण पळता पळता ओरडला, "का गुरू, आज टहलत हउआ?" म्हणजे, आज नुसते फिरायला निघालात होय? अण्णांना कुणी असं म्हटलं आणि त्यांनी उलटून काही दिलं नाही, असं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र ती मंडळी वळणाआड जाईतोवर ते बघत राहिले. त्यांचं अंग पुढे कललेलं होतं आणि मागच्या पायाची टाच उचललेली होती.

मग त्यांनी टाच खाली टेकली. काकू शिध्याचं गाठोडं खांद्यावर घेऊन पायरी उतरत होत्या, एकेक, दोन्ही पाय एका पायरीवर आणत. अण्णांनी पुढे होऊन गाठोडं घ्यायला हात केला. काकूंनी मागं न पाहताच ते दुसऱ्या खांद्यावर घेतलं. अण्णांचा हात क्षणभर तसाच राहिला. त्यांना तो कुठं ठेवावा ते कळेना. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले आणि तिच्या पावलानं चालू लागले.